सत्तर टक्के चांगला

"दाढी काहून केलीस त्याची?"

"मग? अस्वल घेऊन जाऊ का डाक्टरपुढं?"

"अगं माय, पण दाढी! केसाला तेल! आणि तो शर्ट! माझ्या लग्नात घातला होता तो शर्ट त्यानं!"

"इस्तरी बी केली व्हती. ते नाय दिसलं वाटतं तुला रांगेत."

सुकेशनीनं डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या साडीच्या दुकानातून मालकाला अर्ध्या तासाची रजा मागून ती थेट गारखेड्याला आली होती आणि दोन खोल्यांच्या त्या घरात हेल्मेटच्या आतून आईशी भांडत होती. हातात सरकारी कागद. कागदावर तिच्या भावाचं नाव, भावाचा फोटो (दाढी गुळगुळीत, भांग सरळ) आणि शेवटी आकडा. तीस टक्के.

"आणि वर साखर वाटलीस!"

"वाटली. दीपमालाला दिली, खालच्या किराणावाल्याला दिली." कस्तुराबाई चुलीपुढं बसल्यासारखी गॅसच्या शेगडीपुढं फतकल मारून बसली होती. शेगडी जमिनीवरच होती. ओट्यावर भाकरी नीट थापली जात नाही, हे तिचं चाळीस वर्षांचं मत. "तीस टक्केच आजार निघाला पोराचा. सत्तर टक्के माझं लेकरू चांगलं हाय. अशा वक्ताला साखर नाय वाटायची, तर काय राख वाटायची?"

"माय, चाळीस लागतात गं, चाळीस! चाळीसच्या खाली निराधारचा पगार नाय, बसचा पास नाय, काहीच नाय. उद्या तुझे गुडघे बसले, तर त्याच्या नावावर काय आहे? एक शर्ट!"

आतल्या खोलीतून आवाज आला, "दहावीला पस्तीसला पास करायचे."

दोघींनी माना वळवल्या. रामप्रसाद दोन दिवसांनी बोलला होता.

"मला सदतीस होते," तो म्हणाला आणि भर मे महिन्यात चादर पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली.

रामप्रसाद अडतीस वर्षांचा. बारा वर्षांपूर्वीपर्यंत वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होता. मग एक दिवस मशीन त्याच्याविषयी बोलायला लागलं. पुढं सुपरवायझर, रिक्षावाले, टीव्हीवरची बातम्या देणारी बाई असे सगळेच बोलायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आवाज कमी झाले. पण आवाजांबरोबर रामप्रसादही जरा कमी झाला. आता तो आतल्या खोलीत असायचा. बस, असायचा.

कस्तुराबाईनं मात्र गल्लीत कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. "रामप्रसाद दिसत नाही हो बरेच दिवस?" असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "नाईट ड्यूटी हाय त्याची. दिवसा झोपतंय." ही नाईट ड्यूटी गेली बारा वर्षं चालू होती; आताची साखरही पगारवाढीची म्हणूनच वाटली होती. शेजारच्या दीपमालानं एकदा भीत भीत विचारलं होतं, "मावशी, डे ड्यूटी कधी लागतच नाही का हो?" त्यावर कस्तुराबाईनं तिच्याकडं असं पाहिलं होतं, की दीपमालानं त्यानंतर दोन महिने कोथिंबीरसुद्धा मागितली नाही.

आता झालं होतं ते असं.

कस्तुराबाई मेंढपाळाची लेक. बाप खंडेराव शेपन्नास मेंढरं घेऊन फिरायचा. कस्तुरा मेंढरांच्या मागं चालत मोठी झाली, शाळेच्या वाटेवरून फक्त कळप नेला. त्या चालण्यात तिनं जो काही धडा घेतला, तो बापाचा होता. गिऱ्हाईकापुढं जनावर न्यायचं तर धुऊनपुसून न्यायचं, एडक्याच्या शिंगाला तेल लावायचं, आणि काही झालं तरी आपल्या जनावराचा ऐब आपल्या तोंडानं सांगायचा नाही. गिऱ्हाईकाला देवानं डोळे दिलेत, त्यानं बघावं.

मग दिव्यांग दाखल्याच्या तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा तिनं वेगळं काय करावं? पहाटेपासून तिनं मुलामागं लकडा लावला. शेवटी त्यानं, निव्वळ ती थांबावी म्हणून, आंघोळ केली. दाढीला न्हाव्याला घरी बोलावलं, त्याला सांगितलं, नाईट ड्यूटीमुळं वेळ होत नाही पोराला. तेल, पावडर, शर्ट. दवाखान्यात तीन तास रांगेत बसल्यावर क्लार्क म्हणाला, आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे. सुकेशनी झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडं धावली आणि नेमका तेवढ्यात नंबर आला.

सात मिनिटं. सात मिनिटांत कस्तुराबाईनं एडका विकला.

"आंघोळ वगैरे करतो का स्वतः?"

"रोज! दोनदा म्हणतंय, मीच नाय म्हणते. पाण्याची बोंब हाय ना आपल्याकडं, साहेब."

"लोकांत मिसळतो?"

"लई माणूसवेडं."

"घरात कामाला मदत?"

"पाणी भरतंय, भाजी निवडतंय. पोरीसारखी माया हाय बघा त्याला."

डॉक्टरांनी रामप्रसादकडं पाहिलं. "बरं आहे ना सगळं?"

रामप्रसाद म्हणाला, "हो." सकाळपासून त्याला हा एकच शब्द पाठ करून दिला होता.

सुकेशनी झेरॉक्स हलवत परतली तोवर दोघं पायऱ्या उतरत होते आणि आईच्या चेहऱ्यावर बाजार जिंकल्याचं तेज होतं.

"अपील करायचं," आता सुकेशनी म्हणाली आणि एकदाचं हेल्मेट काढलं. "मी अर्ज लिहून आणते. आणि या वेळी खोटं बोलायचं नाय."

"मी खोटं बोलते?" कस्तुराबाईनं तव्यावरची भाकरी अशी उलटली, की भाकरीही दचकली असावी.

"झाकायचं नाय, असं म्हणते मी. वाढवून एक शब्द नको. जे आहे ते. तेवढं पुरे आहे, माय. लई पुरे आहे."

अपिलाची तारीख दीड महिन्यानं आली. तेवढ्या अवधीत सुकेशनीनं दर रविवारी आईची तालीम घेतली. ती मोडक्या खुर्चीवर बसायची, आईचा चष्मा नाकावर ठेवायची आणि घसा खाकरायची. "बोला आजी. मुलगा आंघोळ करतो?"

"करतो." सुकेशनी चष्म्यावरून बघायची. "म्हणजे... करतो की. सणासुदीला."

"माय!"

"बरं, बरं. नाय करत. कधी कधी नाय करत. तू तरी कुठं करायचीस थंडीत? दहावीला असताना नुसतं तोंड धुऊन..."

"तपासणी माझी चाललीय का?"

"नीट विचार मग! डाक्टर असं डोळे वटारून विचारत असतात व्हय?"

तिसऱ्या रविवारी गाडी जरा रुळावर आली. कस्तुराबाईनं डोळे मिटून, दात उपटून घेतल्यासारखी तीन वाक्यं काढली. "आंघोळ करत नाय. माणसांत येत नाय. बेल वाजली की..." आणि बेल वाजली. दारात दीपमाला. हातात साखरेची रिकामी वाटी.

"डोळे का मिटलेत मावशी? बरं नाही?"

"पित्त झालंय," कस्तुराबाई ताडकन म्हणाली. "मला बी, अन् रामप्रसादला बी. नाईट ड्यूटीचं पित्त."

दीपमाला गेल्यावर सुकेशनीनं चष्मा काढून ठेवला. "तुझं काही होणार नाय."

"अगं, ती गावभर करती!"

"करू दे की!"

"तुझ्या सासरी कळलं तर?"

"माझ्या सासरी लग्नाआधीपासून ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं."

कस्तुराबाईला हे नवं होतं. तिनं थोडा वेळ परातीतलं पीठ नुसतंच मळलं. मग म्हणाली, "तरीच हुंडा मागितला नाय त्यांनी."

अपिलाच्या दिवशी सुकेशनी भल्या सकाळी येऊन धडकली आणि दारातच थबकली. रामप्रसादची दाढी दीड महिन्याची होती. पण ती मधोमध भांग पाडल्यासारखी विंचरलेली होती, आणि तिला मोगऱ्याच्या तेलाचा घमघमाट येत होता.

"माय!"

"दाढीला वस्तरा लावायचा नाय म्हणालीस. विंचरायची नाय, असं कुठं म्हणालीस?"

रामप्रसाद म्हणाला, "मी नको म्हणत होतो." मग रिक्षात तो सगळी वाट खाली बघत बसला आणि त्यानं बहिणीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं.

या वेळी टेबलापलीकडं तिघं होते. मधल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस पिकलेले, न रंगवलेले. ते पाहूनच कस्तुराबाईला त्या जरा भरवशाच्या वाटल्या. बाईंनी आधीचे कागद चाळले, रामप्रसादशी हळू आवाजात दोन शब्द बोलल्या, तो ओढणीशीच बोलला. मग त्या आईकडं वळल्या.

"छान टापटीप ठेवलंय हो मुलाला."

झालं! कस्तुराबाई फुलली. सुकेशनीनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, पण एडक्याला गिऱ्हाईकानं चांगलं म्हटल्यावर कुठला मेंढपाळ थांबलाय? "पहिल्यापासून तसंच हाय ते. लई स्वच्छतेचं..."

"मग तीस टक्के बरोबरच आहे म्हणायचं," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

सुकेशनीनं डोळे मिटले.

बाईंनी टोपण पुन्हा काढलं. कस्तुराबाईच्या हातांकडं, मनगटापर्यंत भाजल्याचे जुने डाग असलेल्या त्या हातांकडं, त्यांनी जरा वेळ पाहिलं. "मावशी, असं समजा, तुम्हाला आठ दिवस गावी जायचंय. रामप्रसादला माझ्याकडं ठेवून जाताय. मला काय काय सांगून जाल?"

"तुमच्याकडं?" कस्तुराबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला नाय जमायचं."

डावीकडचे डॉक्टर खोकले. "मॅडम डॉक्टर आहेत, आजी."

"असतील. भाकरी येती का?"

"पोळी येते," बाई म्हणाल्या. "भाकरी शिकेन. सांगा."

आता, मेंढपाळाचा अजून एक कायदा आहे. मेंढरं विकायची नसतात तेव्हाचा. लग्नकार्याला, मयतीला जायचं असलं की कळप दुसऱ्याच्या राखणीला द्यावा लागतो. तेव्हा मात्र एकेक खोड सांगावीच लागते. कुठली लंगडते, कुठली पाण्याला भिते, कुठली पिलाला पाजत नाही. झाकलं तर जनावर दुसऱ्याच्या हातात मरतं आणि पाप आपल्याला लागतं. खंडेराव एकदा दोन कोस चालून गेल्यावर मागं फिरला होता, एका मेंढीला डाव्या अंगानं हाकलायचं नाही, एवढंच सांगायचं राहिलं म्हणून.

कस्तुराबाईनं पदर खोचला.

"सकाळी हाक मारायची नाय. दचकतंय. पातेलं वाजवायचं. पातेलं हां, झाकण नाय. झाकण वाजलं की दिवसभर भिताडाकडं तोंड. आंघोळीचं पाणी काढून ठेवायचं अन् गप बसायचं. बोललात की आठ दिवस गेले."

"म्हणजे रोज आंघोळ...?"

"रोज कुठली वो बाई! पंधरा पंधरा दिवस नाय. लिहून घ्या, मागनं विसराल." बाई लिहीतच होत्या. "ताट वाढलं की त्याच्यापुढं आधी आपण एक घास खायाचा. त्याला वाटतंय, काय तरी घातलंय त्यात. तुम्हाला भूक नसली तरी खायाचा. मी शुगरची हाय, तरी खीर असली तर ती बी खाते त्याच्यापायी."

"माय, तुला शुगर आहे?" सुकेशनी म्हणाली.

"तू गप गं. गोळी जिभंखाली ठेवतंय, मग थुकतंय. तोंड उघडून बघायचं. रागावायचं नाय. मागं एकदा मी रागावले, तर तीन दिवस जेवलं नाय, नुसतं पाणी. बेल वाजली की पलंगाखाली जातंय. ओढून काढायचं नाय, आपण बी खाली वाकून बसायचं, तांदूळ निवडत. तासाभरानं येतंय. बारा वर्षांत घराबाहेर पडलं असंल तर हिच्या लग्नापुरतं अन् ह्या दवाखान्यापुरतं. मित्र एक नाय ऱ्हायला. दोन आले व्हते सुरवातीला, मीच सांगितलं त्यांना, नाईट ड्यूटी हाय म्हणून." तिनं पदर पुन्हा खोचला. "तेवढं माझं चुकलं."

डावीकडचे डॉक्टरही आता लिहीत होते.

"अजून काही?"

"दुपारचं न्हाणीत जातंय अन् नळ सोडतंय. आंघोळीला नाय. रडतंय. नळ सोडला की आपण उठायचं अन् बाहेर जिन्यात जाऊन उभं ऱ्हायचं, म्हणजे त्याला वाटंल, कुणाला ऐकू गेलं नाय. पाणी वाया जातंय, जाऊ द्यायचं. मी तेवढ्यात कोथिंबीर निवडते जिन्यात."

रामप्रसादनं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच. नळामागचं रडणं तिला ऐकू जातं, हे त्याला आत्ता कळत होतं; तो आईकडं बघत राहिला.

"हे सगळं धरलं तर चाळीसच्या बरंच वर जातं," बाई शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली. सुकेशनीनं आईचा हात घट्ट धरला. मग बाई पेन ठेवून समोर वाकल्या. "पण मला त्यांनाही विचारायला हवं. रामप्रसाद, आई सांगतात ते असंच आहे?"

"सांग की रं," कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "हाय ते सांग. मी काय वाढवून सांगितलं का?"

रामप्रसादनं मुठीतलं ओढणीचं टोक सोडलं. उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि कुणाकडंही न बघता दार उघडून बाहेर निघून गेला.