मामाजींचा डोंगा, गोदीचा पाळणा

वैनगंगेत मी आजवर एकदाही बुडालो नाही, कारण वैनगंगेत मी आजवर एकदाही गुडघ्यापुढे उतरलो नाही.

हे आज मी खुशाल लिहून मोकळा होतो. पण माझं लग्न जुळत होतं तेव्हा मला तसं सांगता आलं नाही. मुलीचे वडील ब्रह्मपुरीकडच्या आतल्या गावचे. त्यांच्या गावात पाणी म्हणजे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि तेही उन्हाळाभर म्हशींच्या ताब्यात. त्यामुळे नदीकाठचा जावई म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. "डोंगा चालवता का?" त्यांनी विचारलं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. पण भरपुरात मी एका हाताने वल्हं आणि दुसऱ्या हाताने छत्री धरून डोंगा पैलतीरी कसा नेला, वाटेत आडवी आलेली मगर मला ओळखून बाजूला कशी झाली, हे सगळं माझ्या तोंडून ओळीने बाहेर पडलं. मी स्वतःसुद्धा थक्क होऊन ऐकत होतो!

लग्न झालं. गोदी घरी आली. हे पन्नास सालानंतरचं सांगतो, तेव्हा आमच्याकडे पहिल्या वर्षी बाप लेकीला माहेरी न्यायला येई, आणि एकदा नेली की परत कधी पाठवायची ते त्याच्या मर्जीवर. त्याप्रमाणे माघात, धान मळून कोठीत पडल्यावर, मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात) हजर झाले. शिवरात्र इथे करायची आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन निघायचं, असा त्यांचा बेत.

"परत कधी आणसान, मामाजी?" मी विचारलं.

"मोह वेचून झाला का आणतो."

मोहाची फुलं अजून गळायलाही लागली नव्हती. म्हणजे चैत्र सरेपर्यंत घरात मी आणि चूल. आई मोठ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. मागे एकदा मी भात रांधला होता, तेव्हा आमच्या मांजरीने शेजारचं घर धरलं ते धरलंच. आणि खरं सांगू का, भाताचं एक निमित्त. गोदी नसली की माझ्या गोष्टींना हसणारं घरात कोणी उरत नसे.

मी फारच गयावया केली तेव्हा मामाजी म्हणाले, "असं करा जवाईबापू. मले डोंग्यात फिरवा. तुमचा हात पायतो. मन भरलं, तर पोरीले इथीच ठेवून जातो."

मी खचून स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, निदान हिला तरी वळवावं. गोदी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता आपलीही अट सांगितली.

"मले शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत पाळण्यात बसाचं हाये. बसवलं त राह्यते. नाई त चालली मी बाबासंगं."

आता पाळण्याचं सांगायचं तर, उंचीशी माझं पाण्यापेक्षाही वाकडं. एका वर्षी डुकरांपासून धान राखायला मी मचाणावर चढलो, तो धान कापून झाल्यावरच खाली उतरलो. गावात माझ्या राखणीचं कोण कौतुक झालं! प्रत्यक्षात मला उतरता येत नव्हतं.

म्हणजे एकीकडे डोंगा, दुसरीकडे पाळणा, मध्ये दिवस एकच, आणि मला दोन्हींची धास्ती. बरं, बापलेकीचं एकमेकांशी जमेल म्हणावं तर तेही नाही. मामाजींचं म्हणणं, जत्रेतली धूळ खायला मी एवढ्या दूर आलो का? गोदीचं म्हणणं, गुरांच्या डोणीत बसून पाहायचं काय, तर पाणी? पाणी तर ती रोज दोन घागरी डोक्यावरून आणत होती.

मग मी दोघांनाही भिववायचं ठरवलं. मामाजींना सांगितलं की या महिन्यात मगरींना पिल्लं होतात, त्या फार चिडक्या असतात. मामाजी उठूनच बसले. म्हणाले, मग तर पाहिलंच पाहिजे, आमच्याकडे काही अशा मगरी नाहीत. गोदीला सांगितलं की गेल्या वर्षी पाळण्यातून उतरलेला एक माणूस अजून घरी पोचलेला नाही, गोल गोलच फिरतो आहे. ती म्हणाली, "मंग तुमी मले घट्ट धरून बसजा."

शेवटी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मला एक युक्ती सुचली. (माझ्या सगळ्या युक्त्या आदल्या दिवशी सुचतात. एक दिवस आधी सुचल्या असत्या तर त्यातल्या खोडी दिसायला वेळ मिळाला असता.) जत्रा भरते नदीच्या काठावर. मार्कंडा आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, दक्षिणेकडे. म्हणजे डोंग्यात बसायचं आणि जत्रेत उतरायचं! बापाला डोंगा, लेकीला पाळणा. शिवाय धारेसोबत जायचं, तर वल्हवायचं काम नदीच करणार. परत यायचं कसं, हा प्रश्न मला पडला नाही. सुखी माणसाला असे प्रश्न पडत नाहीत.

फकिराभाऊ ढिवर आमचा शेजारी. त्याचा डोंगा मागितला, त्याने दिला. फक्त एवढंच म्हणाला, "भाऊ, सोडणं कोणालेबी जमते. बांधाची याद ठेवजा."

सकाळी निघालो. मामाजींना ऊन लागू नये म्हणून मी डोंग्याच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा केला होता. त्याच्या पुढे मामाजी, मागे गोदी, आणि अगदी शेवटाला वल्हं घेऊन मी. काठ सोडला मात्र, डोंग्याने गिरकी घेतली. मी त्याला सरळ केला, तर त्याने उलटी गिरकी घेतली. मामाजींनी वैनगंगेचे दोन्ही काठ दोन्ही बाजूंनी पाहिले. पुढे रेतीत रुतलो. मी खाली उतरून ढकलू लागलो, तेव्हा गोदीही उतरली, आणि शेवटी मामाजीही धोतर खोचून उतरले. पुढचा बराच प्रवास असा झाला की डोंगा मजेत होता आणि आम्ही तिघं त्याला घेऊन चाललो होतो.

"पुराच्या टायमाले छत्री कोणत्या हातात होती म्हनले तुमी?" मामाजींनी धापा टाकत विचारलं.

मी डोंगा आणखी जोरात ढकलू लागलो. गोदीने पदर तोंडात धरला.

मार्कंडा आलं तेव्हा मामाजींचा चेहरा हिरवट झाला होता. तिथे वैनगंगा मोठं वळण घेऊन चक्क उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या पाण्याचं पुण्य मोठं, हे मी त्यांना सांगायला गेलो. पण त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"गोदे, तुयं गाठोडं बांधलं हाये ना?"

"बांधलं हाये, बाबा."

"मंग ठीक. सकाळीच निघू." असं म्हणून ते तट्ट्याच्या सावलीत, डोंग्यातच आडवे झाले. काठ अजून फिरतोय, देवाला मी इथूनच हात जोडतो म्हणाले, आणि दुपट्टा तोंडावर घेऊन घोरायला लागले.

माझा अर्धा डाव गेला होता. उरला पाळणा. तोच नीट पार पडला तर गोदी बापाशी भांडून राहील, एवढीच आशा. घाईघाईने मी डोंगा बांधला. कशाला? तर आमच्याकडे जे पळून जाऊ नये ते ज्याला बांधतात त्यालाच: बैलगाडीच्या चाकाला. बैल, वासरू, बकरी, आम्ही सगळं गाडीलाच बांधतो. रेतीत एक गाडी सोडलेली होती. पक्की गाठ मारली. जत्रेला आलेली गाडी दिवस मावळल्याशिवाय हलत नाही, असा माझा हिशेब.

दर्शन झालं. गोदीने बांगड्या भरल्या, चित्रांच्या पेटीत डोळा घालून आग्रा पाहिलं, आणि मग माझं मनगट धरून मला पाळण्यापाशी नेलं. लाकडी पाळणा, चार पेट्या, चार माणसं हाताने फिरवणारी. खालून पाहिलं तर फारसा उंच नव्हता. वर गेल्यावर मात्र तो एवढा वाढला की मला एका बाजूला नागपूर दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला माझे मेलेले आजोबा. गोदी हसत होती. अशी हसलेली मी तिला घरी पाहिली नव्हती. तेवढ्यासाठी मी डोळे उघडे ठेवले.

आणि उघडे ठेवले म्हणूनच मला दिसलं. खालच्या पेटीत माणसं बसवायला पाळणा थांबवला होता, आम्ही ऐन टोकाला. समोर नदी. रेतीत गाडी नव्हती. आणि नदीच्या मध्यावरून डोंगा संथपणे चालला होता, त्यात तट्टा, तट्ट्याच्या पुढे मामाजी, दुपट्ट्यासकट!

"उतरवा!" मी ओरडलो. "मामाजी चालले!"

जत्रेत ढोल, भोंगे, पिपाण्या. पाळणेवाल्याला माझे हातवारे तेवढे दिसले. गिऱ्हाईक खूश आहे असं त्याला वाटलं. त्याने आणखी एका गड्याला बोलावलं आणि पाळणा जोरात फिरवला. पुढे मला मामाजी हप्त्याहप्त्याने दिसू लागले. वर गेलो की मामाजी, खाली आलो की भजी. प्रत्येक खेपेला मामाजी थोडे लहान झालेले.

"गोदे, तुझा बाप वाहून चालला," मी कसाबसा म्हणालो.

तिने मान वळवून नीट पाहिलं. "झोपून हायेत. तिकडं पाणी गुडघ्याएवढं, रेतीत अटकतीन. फेरे होऊ द्या." पण तिने माझं मनगट मघापेक्षा घट्ट धरलं होतं, ते मला कळलं.

उतरलो आणि आम्ही काठाकाठाने पळालो. (गोदी सरळ पळत होती. मी तिच्याभोवती पळत होतो.) वळणाच्या पुढे डोंगा खरंच रेतीला लागला होता, आणि मामाजी ताठ बसून, शिदोरीतले मुरमुरे खात होते. चेहरा टवटवीत. आम्हाला पाहून म्हणाले, "तुमी कवा उतरले? मले वाटलं, तट्ट्याच्या मांगंच हाये."

मी तोंड उघडलं. गोदीने माझ्या पायावर पाय दिला.

"वा जवाईबापू," मामाजी सांगू लागले. "जाग आली त पायतो, दुपार कलली, सूर्य डाव्या हाताले. म्हणजे उत्तर. म्हणजे घराकडं निघालो. धारेच्या उलटं चालून राह्यलो, आन ना वल्ह्याचा आवाज, ना हिसका. तुमाले दोनदा आवाज देला, पन तुमी चूप. म्हटलं, मन लावून चालवून राह्यला मानूस. येताना काऊन तसं केलं मंग?"

"तुमची परीक्षा घेत होते, बाबा," गोदी म्हणाली.

नदी तिथे आपणहून उत्तरेला जाते, हे मघाशी सांगताना मला त्यांनी हातानेच थांबवलं होतं. आता मीही थांबलो. मामाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरीचं गाठोडं सोडा," म्हणाले. मी आनंदाने रडायचाच बाकी होतो.

अंधार पडायला आला या निमित्तावर डोंगा फकिराभाऊ उद्या नेईल असं ठरवून आम्ही सडकेला लागलो. मागून एक बैलगाडी आली, आमच्याच गावावरून पुढे जाणारी. गाडीवाला भला माणूस. बसा म्हणाला. बसलो. थोडं पुढे गेल्यावर तो मामाजींकडे वळून वळून पाहू लागला.

"बुवा, तुमीच ना डोंग्यात झोपले होते? माह्या चाकाले दोर होता. मले सडकेवरच्या पाहुण्याकडं जाचं होतं. तुमी मस्त घोरून राह्यले होते, म्हटलं झोप काऊन मोडा. दोर हळूच सोडला, गुंडाळून तुमच्या पायाशी ठेवून देला. भेटला ना दोर?"

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहिल्या. मी चाकाकडे बघत होतो. ते तेच चाक होतं. गोदी आभाळाकडे बघत होती.

मामाजी माझ्याकडे वळले. "म्हणजे तुमी डोंग्यात नव्हतेच."

"नाही, मामाजी."

"कोठी होते?"

"पाळण्यात."

"मगर?"

"मगरही नव्हती, मामाजी. छत्रीपण नव्हती."

गोदीने पदराची गाठ आवळली. मी चुलीला मनातल्या मनात नमस्कार घातला.

"मी काय बोललो होतो?" मामाजी म्हणाले. "डोंग्यात मन भरलं, तर पोरीले ठेवून जातो. मन त भरलं. चालवला कोन, हे मी बोललो नव्हतो. राहू द्या पोरीले."

गोदी राहिली. पण मामाजींचं मन असं काही भरलं होतं की दुसऱ्या दिवशी तेही निघाले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मोह फुलला, वेचला, वाळला, तरी मामाजी आमच्याकडेच. रोज सकाळी जेवून फकिराभाऊच्या डोंग्यात तट्ट्याला टेकून बसायचे. पहिल्या दिवशी मीही जावयाचं कर्तव्य म्हणून वल्हं घेऊन चढायला गेलो, तर त्यांनी मला मोठ्या मायेने काठावर उतरवलं.

"तुमी इथी बसा, जवाईबापू," ते म्हणाले. "तुमी नसले का डोंगा लय ब्येस चालते."