उन्हाळी नाटकासाठी उतरवलेली मिशी

मे महिन्यात खंडाळ्याचे बंगले भरले की पांढऱ्या विजारीतली मंडळी जाळीच्या दोन बाजूंना उभी राहून घामाघूम होईपर्यंत चेंडू टोलवत. मी कुंपणाबाहेरून दोनतीनदा ते पाहिलं आणि सोडून दिलं. क्रिकेटातही मला कधी गोडी वाटली नाही. निकाल लागायला दिवसचे दिवस लागावेत असा खेळ बघायला माणूस मुळातच निवांत पाहिजे. बोलपट तेव्हा नवे होते. पुण्याला जाऊन एक पाहिला, पण त्यातली माणसं आपल्याकडे बघत नाहीत, ही माझी तक्रार आजही आहे. मला कुस्ती आवडे, आणि त्याहून जास्त आवडे ते आमचं लोणावळ्याचं उन्हाळी नाटक.

मी स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होतो. आम्ही रेल्वेतली मंडळी दर उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात मांडव घालून नाटक करत असू. रात्रपाळीवाल्यांना कामावर जायचं असे, म्हणून चारला घंटा देऊन अंधार पडायच्या आत मोकळं व्हायचं. माझं काम पडद्याआडून संवाद सांगण्याचं. मला ते मनापासून आवडे, कारण नाटकातलं सगळं आपल्याला येतं आणि आपण दिसत मात्र कोणालाच नाही.

त्या वर्षी नाटक आठ दिवसांवर आलं आणि आमच्या नायिकेची भुसावळला बदली झाली. पाच वर्षं स्त्रीपार्ट करणारा तो तिकीटबाबू पेटी-बिस्तरा घेऊन गाडीत बसला, आणि त्याला पोचवायला गेलेले सगळेजण परत येताना माझ्याकडे बघायला लागले. सगळे संवाद मलाच पाठ होते ना! मी नाही म्हणून पाहिलं. मग आमच्या म्होरक्याने, म्हणजे मालधक्क्यावरच्या हेडक्लार्कनं, हुकूम सोडला, "उद्या सकाळी मिशी उतरवून या."

आता शहरातल्या बाबूंनी मिशी काढायला केव्हाच सुरुवात केली होती. पण मी पवनेकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे आईबाप गेल्याशिवाय मिशीला वस्तरा लागत नसे. आई मला मिसरूड फुटायच्या आधीच गेली होती. त्यामुळे माझी मिशी गेली तर कोण गेलं, हे विचारायची कोणाला गरजच नव्हती. आणि आबांची, माझ्या वडिलांची, स्वतःची मिशी म्हणजे सगळ्या मावळात मिरवलेली. तरुणपणी त्यांनी जत्रांतून कुस्त्या मारल्या होत्या.

तरी मी काढली. खोटं कशाला बोलू, मला रंगमंचावर जायचं होतं. गावाला कळायच्या आत ती पुन्हा वाढेल, असा हिशेब मी मनाशी केला.

दुसऱ्या दिवशी नाटकाचं सामान आणायला मी बाजारात गेलो. नायिकेला पाण्याला जाण्यासाठी मातीची नवी घागर, आणि मागच्या पडद्याला मांजरपाट. डोक्यावर टोपी, हातात घागर, काखेत पांढरं कापड, तोंड गुळगुळीत. समोरून शिरगावचा एक शेतकरी आला. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सासरच्या भावकीतला. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर आंबे पोचवून तो परत निघाला होता. मी हसलो. तो हसला नाही. रामरामसुद्धा न घालता तो बाजूला झाला, क्षणभर हात जोडले आणि स्टेशनाकडे चालता झाला. मला रागच आला. एका मिशीपायी माणसाने एवढं तोंड फिरवावं? सुतकातल्या माणसाला रामराम घालत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढचं मी अक्काच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकलं आहे. त्या शेतकऱ्याने शिरगावात जाऊन उतरवलेली मिशी, मातीची घागर, पांढरं कापड, सगळं तिला सांगितलं. दहाव्याची तयारी चालली आहे आणि आपल्याला कोणी कळवलंसुद्धा नाही, म्हणून तिने हंबरडा फोडला. दाजींनी गाडी जुंपली. उन्हातान्हाची रडत रडत ती माहेरी पोचली, तर आबा दारच्या आंब्याखाली बसून बैलांच्या मुसक्या विणत होते. लेकीचा गळा ऐकून ते घाबरून उठले.

"कोन गेलं गं?"

"तुमीच गेलाय, आबा!" असं म्हणून अक्का त्यांच्या गळ्यात पडली आणि जास्तच रडायला लागली.

दाजींनी काय ते सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा मुसक्या विणायला बसले. 

माझ्याकडे दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या माणसाबरोबर निरोप आला. "आबा येत्यात रईवारी. खेळ बगाया." बस्स, एवढंच. रागावले आहेत का, तेही त्या माणसाला सांगता येईना. माझी तालमीतली रयाच गेली. बाप जिवंत असताना मी मिशी उतरवली, हे त्यांना किती लागलं असेल, हाच विचार डोक्यात फिरे. खलनायकाची मिशी डिंकाने चिकटवून आधीच गावी जावं आणि पाय धरावेत, असंही मनात आलं. लावूनही पाहिली. मी दरोडेखोर दिसत होतो. शेवटी ठरवलं, जे व्हायचं ते होऊ दे.

रविवारी आबा नवा फेटा बांधून आले आणि अक्काला घेऊन पहिल्या रांगेत बसले. मी घागर घेऊन प्रवेश केला आणि समोर तीच मिशी दिसली. आबा पापणी न हलवता माझ्याकडे बघत होते. माझे सगळे संवाद पार पळाले. आणि आमच्या नाटकात आता संवाद सांगणारा कोण, तर रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन. त्याला पानच सापडेना.  

तेवढ्यात पहिल्या रांगेतून फाडकन आवाज आला. आबांनी मांडीवर शड्डू ठोकला होता.

"घाबरू नगं! उट! हान!"

सगळं पटांगण हसलं. मीही हसलो, पदर तोंडाशी धरून, आणि लोकांना तो नायिकेचा लाजण्याचा अभिनय वाटला. मग संवाद आठवले. त्या दिवशी मला तीन वेळा टाळी पडली. चौथीही पडली, असं अक्का म्हणते.

खेळ संपल्यावर आबा पडद्यामागे आले. मी लुगड्यासकट त्यांच्या पायावर पडलो. "आबा, चुकलं माझं."

त्यांनी मला उठवलं, हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मी गेल्याव तू कसा दिसशील, ह्ये कंच्या बापाला बगाया मिळतंय? मला मिळालं. बरा दिसतूस."

ते मागे वळले, पुन्हा थांबले.

"आता वाढीव. मी हाय अजून."

मिशी पहिल्यासारखी व्हायला दिवाळी उजाडली. पुढच्या उन्हाळ्यापासून मी पुन्हा पडद्याआड गेलो. भुसावळहून नवा बाबू आला होता, त्याचा चेहरा मुळातच गोरागोमटा होता. आबा मात्र दर वर्षी नाटकाला येत आणि नायिका माझ्याइतकी चांगली नाही, असं शेजारच्याला मोठ्याने सांगत.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं मी मिशी राखली. मग एका सकाळी पवनेच्या काठावर न्हावी माझ्यासमोर बसला. वस्तरा ओठावर टेकला तेव्हा रडू आलं, नाही असं नाही. पण हा चेहरा आबांनी बघून ठेवला होता, आणि बरा दिसतोस म्हणाले होते.