पोखर्णीची बजरबट्टूची माळ

संक्रांतीला मुलीला घेऊन परभणीला जाऊ नकोस, असं माहेरी सगळ्यांनीच सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं होती. सिकंदराबादेत आम्हाला बातम्या अर्ध्यामुर्ध्याच कळायच्या. कुठे एस.टी. अडवली, कुठे बाजार बंद, एवढंच ऐकू यायचं आणि बाकीचं आपलं मन भरून काढायचं. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी जा. पण माझी मीनू सव्वा वर्षाची झाली होती आणि तिचं बोरन्हाण परभणीच्याच घरी व्हायचं, असा सासूबाईंचा निरोप होता. नवऱ्याला रजा नव्हती. मीनूच्या आधीचं माझं बाळ आम्हाला लाभलं नाही. तेव्हापासून मीनूसाठी सासूबाई काही मागायला लागल्या की मला नाही म्हणवत नसे. भीती आम्हा दोघींना सारखीच होती. मी ती लपवायचे, त्या देवाला सांगायच्या, एवढाच फरक.

मनमाडकडे जाणारी ती मीटर गेजची गाडी. आता ब्रॉडगेजवरून जाणाऱ्यांना तिचा संथपणा सांगून कळणार नाही. नांदेडनंतर डब्यातलं बोलणं बदललं, ‘है ना’ मागे पडलं आणि ‘हाय का’ सुरू झालं. पूर्णा जंक्शनला गाडी इतकी थांबायची की लोक खाली उतरून तोंड धुऊन, चहा पिऊन, गप्पा संपवून परत चढत. त्या दिवशी मात्र मी खिडकीची काच लावून बसले. फलाटावर चार माणसं मोठ्याने बोलली तरी मी मीनूला जवळ ओढायचे. समोरच्या बाईंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली आणि विचारलं, “लेकराला घिऊन एकट्याच जायलाव का?” मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि आणखी एक भाकरी दिली.

परभणीचं घर स्टेशनपासून टांग्याच्या अंतरावर. सासूबाईंना सगळं घर आत्याबाई म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. सासरे शाळामास्तर होते, तेव्हा नुकतेच गेले होते, आणि आत्याबाई घरात एकट्याच राहायच्या. दुसऱ्या दिवशी बोरन्हाण झालं. मीनूला काळं झबलं, अंगभर हलव्याचे दागिने, मुकुट, हार, बाजूबंद. साखरेचे ते पांढरेशुभ्र काटेरी दाणे तिने आधी निरखले, मग हाराचा एक दाणा दातांनी तोडून तोंडात टाकला. सगळ्या बायका हसल्या. आत्याबाईंनी हाराचं टोक स्वतः तिच्या हातात दिलं. “खा माय, तुझंच हाय,” म्हणाल्या. त्या दिवशी मीनू एक नवा शब्द शिकली. गोडला ती ‘गो’ म्हणायला लागली.

संध्याकाळी आत्याबाईंनी देवघरातून एक पितळी डबी काढली. तिच्यात घरातलं सोनं-नाणं जोखायचा चिमुकला तराजू होता आणि वजनाला लाल-काळ्या गुंजा. मीनूचे चांदीचे वाळे त्यांनी हौसेने जोखले. म्हणाल्या, “चांदी झाली. आता नजरेचं बघू. उद्या पोखर्णीला जाऊ, नरसिंहाच्या पायावर लेकराला घालू आन् बजरबट्टू घिऊ.”

बजरबट्टू म्हटलं की आपल्याकडे वेंधळा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण मूळ बजरबट्टू म्हणजे एका ताडाच्या जातीच्या झाडाची बी, वाटाण्यापेक्षा मोठी, गुळगुळीत, हस्तिदंतासारखी टणक. लहान मुलांना नजर लागू नये म्हणून ती ओवून बांधतात. मला ती आमच्या कॉन्व्हेंटमुळे माहीत होती. आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर आग्नेस मलबारच्या. त्यांची जपमाळ त्याच बियांची होती. त्यांच्या गावाकडे पावसाच्या दाट जंगलाला लागून हे झाड वाढतं, त्याच्या एकेका पानाखाली पावसात अख्खं कुटुंब उभं राहतं, असं त्या सांगायच्या. ते झाड जन्मात एकदाच फुलतं. बिया धरतं आणि मरतं. हे सांगताना त्या माळ मुठीत घट्ट धरायच्या. त्यांच्या हातातल्या मण्यांचा तो मऊ खळखळाट मला अजून ऐकू येतो.

पोखर्णी परभणीहून गंगाखेडच्या रस्त्यावर आहे. आता भरपूर गाड्या मिळतात, रेल्वेही थांबते. आम्ही सकाळच्या एस.टी.ने गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, बांधाबांधावर हुरड्याचा धूर. एरवी मी उतरून हुरडा खाल्ला असता. पण कंडक्टर तिकीट देताना सांगत होता की दुपारनंतर गाडी सुटेल का नाही सांगता येत नाही, आणि मग माझं लक्ष धुराकडे गेलं की हा हुरड्याचाच ना, एवढंच मनात यायचं. देवळात गर्दी बेताची होती. वाकून आत गेलो, दर्शन झालं, मीनू घंटेकडे बघून खुदकन हसली. घटकाभर मला बरं वाटलं.

बाहेर एक बाई पथारी मांडून बसली होती. तुळशीच्या माळा, वैजयंतीच्या करड्या मण्यांच्या माळा, रुद्राक्ष, शिंदीच्या बिया घासून केलेले मणी. आणि बजरबट्टू. मी एक मणी उचलून गालाला लावला. तोच थंडावा होता. पण तिच्या तयार माळांत प्रत्येक बजरबट्टूच्या दोन्ही बाजूंना एकेक गुंज ओवलेली होती, आणि माझा हात थांबला. आमच्या शाळेच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना तिथे उभं करून सांगितलं होतं की गुंजेचं विष तिच्या टणक सालीच्या आत असतं. साल फुटली, किंवा ओवायला भोक पाडलं, की ते मोकळं होतं.

मी त्या बाईला लाल मणी काढून द्यायला सांगितलं. तिने माळ माझ्यासमोर धरली.

“लाल काढल्यावर ऱ्हायलं काय, माय? नजर आधी लालवरच बसती.”

“आमच्या सूनबाईच्या शाळेत नजर लागत नसती,” आत्याबाई तिला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

शेवटी तोड निघाली. माळ गळ्यात नाही, कमरेला बांधायची, आणि झबल्याच्या आत. तिथे हात पोचणार नाही, असं मीही मानलं. वर गावाच्या नावावरून कोटीही केली, की पोखर्णीला येऊन पोखरलेले मणी घेतले.

परतीची एस.टी. सुटली, पण परभणीच्या अलीकडे थांबली. पुढे रस्ता अडवलेला होता. आडवी बैलगाडी, दगड, पोरांचा घोळका, घोषणा. कंडक्टर म्हणाला, कुणी उतरू नका, काचा लावा. काचा लावल्यावर आत इतकं कोंदलं की मीनू रडायला लागली. मी तिचं झबलं काढलं. तिला वारा घालता घालता माझे डोळे मात्र बाहेर होते, दगड कुणाच्या हातात आहे का, घोळका इकडे येतोय का.

माळ तुटल्याचं मला आवाजावरून कळलं. मणी पत्र्यावर पडून सीटांखाली गडगडत गेले. सगळी बस वाकली. कंडक्टरने, शेतकऱ्यांनी, एका कॉलेजच्या मुलीने मणी वेचून माझ्या ओच्यात टाकले. मी ते मांडीवर लावत गेले, बजरबट्टू आणि दोन्हीकडे गुंज, बजरबट्टू आणि दोन्हीकडे गुंज. शेवटच्या बजरबट्टूला एकाच बाजूला गुंज होती.

पुन्हा शोधलं. काढलेलं झबलं झटकलं, पदर झटकले. मीनूच्या तोंडात बोट घातलं तर काही नव्हतं. रडणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघून ओठ चाटत म्हणाली, “गो.”

आत्याबाई पुन्हा सीटखाली वाकल्या.

त्यानंतर मी कंडक्टरचं ऐकलं नाही. मीनूला उचलून खाली उतरले आणि सरळ घोळक्याकडे चालत गेले. मागून आत्याबाई. ती मुलं नामांतराच्या बाजूची होती की विरोधातली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मी एवढंच म्हटलं की लेकराने विषारी बी खाल्ली असेल, मला जाऊ द्या. घोषणा बंद पडल्या. त्यांतल्या एकाने दगडांमागून मोटारसायकल काढली.

“बसा ताई. लेकराला घट्ट धरा. म्हातारीला बी घ्या मागं, जमतंय.”

आत्याबाई जन्मात कधी मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. त्या माझ्या पाठीला चिकटून “नरसिंहा, नरसिंहा” म्हणत राहिल्या आणि त्या मुलाने आम्हाला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या दारात सोडलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी मीनूला तपासलं, बराच वेळ तिथेच ठेवून घेतलं. गिळताना कुणी पाहिलंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की आज, उद्या, परवा डोळ्यांत तेल घालून बसायचं. उलटी, रक्ताचे जुलाब, ग्लानी, काहीही दिसलं तर क्षणभर न थांबता सिव्हिल हॉस्पिटल. हे वाचणाऱ्या तुम्हाला मी आत्ताच सांगून ठेवते, असली माळ लहान मुलांना बांधू नका. आणि अशी नुसती शंका जरी आली तरी आमच्यासारखं घरी बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मीनू भाताची पेज पिऊन झोपली. तिचा श्वास जरा लांबला तरी मी तिला हलवून बघत होते. गाडीतला शीण, रात्रींची अर्धी झोप, दिवसभराची धास्ती. माझे डोळे मिटत होते. आत्याबाई देवघरात गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या आणि पदराची गाठ सोडून एक गुंज माझ्या हातावर ठेवली.

“ही घे. बसमधीच सापडली होती बघ. गाठीला बांधली आन् घाबरल्यापायी इसरले. काय करावं, वय झालं.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग तिथेच झोपले असेन, कारण पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. गुंज माझ्या मुठीतच होती, तळव्यावर तिचा वळ उठला होता. माळेतल्या बाकीच्या मण्यांत टाकावी म्हणून मी ती उन्हात धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. साल अखंड होती. तिला भोक नव्हतं.

मी खोलीत आले. आत्याबाई कालच्याच लुगड्यात मीनूच्या उशाशी बसल्या होत्या. एक हात तिच्या पोटावर, डोळे तांबडे. मीनू शांत झोपली होती. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“झोप झाली का?”

“झाली. आत्याबाई, आता तुम्ही पडा. मी बसते.”

“बस,” म्हणाल्या, आणि कूस वळवून तिथेच आडव्या झाल्या.

पुढचे दिवस आम्ही अशाच आळीपाळीने काढले. येलदरीचं धरण बघायचं ठरलं होतं, ते राहिलं. मीनूला काही झालं नाही. तोंडात घातली असेल तर थुंकली असेल, नाही तर त्या एस.टी.च्या पत्र्याच्या फटीत कुठे तरी ती गुंज गेली असेल. आम्हाला ती कधीच मिळाली नाही. आत्याबाईंनी बजरबट्टू जाड काळ्या दोऱ्यात पुन्हा ओवले आणि गुंजांच्या जागी पक्क्या गाठी मारल्या.

निघताना त्या स्टेशनवर आल्या. गाडी हलली तशा खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालल्या.

“डबीतली एक गुंज तुझ्याकडं ऱ्हायली बघ. वजनाला लागती.”

“पुढच्या संक्रांतीला आणते,” मी म्हटलं. त्या हसल्या.

सिकंदराबादला पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं की दंगा दिसला का, रस्ते कसे होते. मी मोटारसायकलवाल्या मुलाबद्दल सांगितलं. गुंजेचं कुणाला सांगितलं नाही. गाठींची ती माळ पुढे मीनूच्या मुलीच्या पाळण्याला बांधली गेली, आता ती मीनूच्याच घरी असते. आत्याबाई होत्या तोवर आम्ही दर संक्रांतीला परभणीला गेलो, आणि दर वेळी मी ती गुंज घरीच विसरले. त्या दर वेळी विचारायच्या. त्यांच्या तराजूला एक गुंज कायम कमी पडली. ती इथे माझ्या कपाटात आहे.