पाण्याखालचा पाट

तळोज्यातल्या प्रयोगशाळेबाहेर प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्धची पत्रकं वाटून पनवेलला परतताना बसमध्ये तिथलेच एक काका माझ्या शेजारी बसत. त्यांचं बोट गुडघ्यावर झोपेत असल्यासारखं गोल फिरत राही. ते त्या प्रयोगशाळेत उंदरांची पिल्लं सांभाळत. मोबाइलला लागणारा दुर्मिळ धातू प्रयोगासाठी आईच्या पिण्याच्या पाण्यात मिसळलेला, त्या पिल्लांत जन्माआधीच उतरलेला. स्मरणशक्तीच्या चाचणीत ती हौदात गोल गोल पोहत आणि पाय टेकायला ठेवलेला, काल सापडलेला पाण्याखालचा पाट आज विसरत.

“पाट कुठं हाय ते मला ठाव हाय,” ते म्हणत, “पन दाखवायला बंदी हाय.”

“काका, सोडा हे क्रूर काम!” मी एकदा तडकलो.

“सोडतो की. मग भिजलेल्यांना पुसनार कोन, तुजी पत्रकं?”

दुसऱ्या दिवशी पत्रकांच्या पिशवीतून मी घरातला जुना, मऊ पंचा नेऊन त्यांना दिला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला, आणि त्यांचं बोट थांबलं.