वरच्या झऱ्याचा चहा

नुरहयात आब्लाला, म्हणजे नुरहयातताईला, बोलायची पोच नव्हती, हे मी आधीच कबूल करते. टोकाटच्या डोंगरातल्या आमच्या गावात ती आरोग्य केंद्राची नर्स म्हणून वीस वर्षं राहिली आणि तेवढ्यात निम्म्या गावाशी भांडली. पण आज माझी मान धड आहे ती तिच्यामुळे.

मी नऊ वर्षांची होते. हिवाळा सरता सरता घसा धरला, ताप चढला आणि जबड्याखाली अक्रोडाएवढी गाठ आली. आईने भाजलेला कांदा बांधला. शहरातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं. गाठ वाढतच गेली. मग डॉक्टर म्हणाले, क्षय दिसतोय, गुरुवारी कापून काढू. आई दवाखान्याची पिशवी भरायला लागली. माझ्या डोक्यात मात्र एकच, गळा कापणार म्हणजे नक्की कुठून कापणार?

सोमवारी नुरहयात आब्ला आली. माझी मान चाचपून तिने आजोबांना विचारलं, "बहात्तिन काका, चहाला पाणी कुठलं?"

आजोबा दुखावलेच. "हे काय विचारणं झालं? वरच्या झऱ्याचं! नळाच्या पाण्याचा चहा आम्ही गाढवालाही देत नाही."

"आणि ही पोरगी पाणी भरताना तिथेच ओंजळीने पिते?"

"पिणारच. पाणी आहे ते, विष नाही."

"बघू," ती म्हणाली.

दोन दिवस तिने घरोघर हाच प्रश्न विचारला. पोरांच्या माना सुजल्यात आणि ही बाई चहाच्या चौकशा करतेय, म्हणून लोक हसले. माझ्यासारखी आणखी चार मुलं निघाली. सगळी वरच्या झऱ्याचं पाणी पिणारी. खालच्या आळीत नळाचं पाणी, तिथे एकही नाही. उंदरा-सशांपासून पाण्यात उतरणारा एक आजार असतो आणि त्याला पेनिसिलिन लागू पडत नाही, असं तिने प्रशिक्षणात कधीतरी ऐकलं होतं. तिने डॉक्टरांना फोन लावला. "गुरुवारी सुरी लावलीत तर दवाखान्याच्या दारात येऊन बसेन. आधी रक्त अंकाराला पाठवा!" डॉक्टर चिडले, पण रक्त पाठवलं आणि सुरी थांबली.

मग ती झऱ्याच्या टाकीवर चढून गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आली आणि धुऊन इस्त्री केलेला एक निळ्या चौकड्यांचा रुमाल आजोबांच्या मांडीवर ठेवला.

"थंडी आहे, काका. नाक पुसायला लागेल."

आजोबांचा चेहरा उतरला. झऱ्याची राखण त्यांच्याकडे होती. टाकीवरच्या पिंपातून पाण्यात क्लोरीन ठिबकायचं. त्याने चहाची चव जाते, म्हणून शरद ऋतूतच त्यांनी पिंपाच्या तोटीत तो रुमाल कोंबला होता. नुरहयात आब्ला यावर कुणाशी चकार शब्द बोलली नाही. "टाकीत उंदीर मेले होते," एवढंच तिने गावाला सांगितलं.

अंकाराहून उत्तर आलं, तुलारेमिया, म्हणजे तोच उंदरा-सशांचा आजार. क्षय नव्हता, कापायचं काही नव्हतं. दहा दिवस ती रोज घरी येऊन मला इंजेक्शन द्यायची. एकदा मी तिच्या हाताला कडकडून चावले.

"मान बरी होऊ दे, मग बघते तुझ्या दातांकडे!" ती ओरडली आणि तोच हात माझ्या केसांतून फिरवला. गाठ बसायला दोन महिने लागले, पण बसली. इतर चौघांचीही बसली.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी आजोबा कॉफीघरात गेले, रुमाल टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. त्यानंतर मरेपर्यंत दर शुक्रवारी ते स्वतः क्लोरीन घेऊन वर चढत. मी दोघांचीही ऋणी आहे, पण तिची जास्त.

ईदेला ती आमच्याकडे यायची. पहिला पेला आजोबा तिलाच द्यायचे. ती एक घोट घेऊन तोंड वेडंवाकडं करायची.

"काय भिकार चहा झालाय हो, काका! नुसता क्लोरीनचा वास!"

"मग ठेव खाली."

"ठेवते कशाला?" ती घटाघट संपवून पेला पुढे करायची. "ओता अजून."