जास्वंदीला शेवटचा हात

चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता!

तर, पेणला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे चिमणी-बिमणी नव्हे हो, पत्र्याची शेड आणि आत रांगेने बसलेले बाप्पा. मूर्ती घासायला घेतली की जी धूळ उडते, ती थेट शेजारच्या अनुसयाकाकूंच्या ओटीवर! काकू खोकून खोकून बेजार. शेवटी त्यांची लेक सुषमा रोह्याहून आली आणि म्हणाली, "आई, बस झालं. आता माझ्याकडेच राहायचं."

माझी आई गेल्यापासून मला दुपारचं ताट काकूंकडूनच येतं. त्या गेल्या तर मी शिव्या कोणाच्या खायच्या?

"सुषमा, वर्षभर थांब," मी म्हटलं. "मधे अशी दाट जास्वंद लावतो, की धूळ पलीकडे जायला रस्ता विचारत फिरेल!"

आणि लावली की! घासायच्या जागेभोवती ओली पोतीही टांगली. बघता बघता हिरवीगार भिंत उभी राहिली. काकूंचा खोकलाही उतरत गेला. मी गल्लीतून कॉलर ताठ करून फिरायला लागलो.

सुषमा बघायला येणार त्या सकाळी सहज कुंपणाकडे पाहिलं. पानं पांढरीफटक! हे बघून ती म्हणणार, धूळ होती तिथेच आहे, चल आई.

घेतली नळी आणि लागलो धुवायला. पण त्या धुळीत प्लास्टरच्या पोत्यांतून उडालेली कोरी पूडही होती. प्लास्टरवर पाणी पडलं की काय होतं? अहो, त्यावर तर माझं पोट चालतं! तरी मारलं पाणी. पूड घट्ट झाली, पानापानावर पांढरा पापुद्रा धरला.

आता? सुषमाची गाडी नागोठण्यापर्यंत आली असणार. समोर कंप्रेसर, हातात स्प्रेगन. तुम्हीच सांगा, गणपती रंगवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मारला हिरवा! तो फुलांवर उडाला, म्हणून फुलांना लाल. लाल जरा बोडका वाटला, म्हणून मधल्या तुऱ्याला पिवळा. आणि हाताला सवय हो, पानांच्या कडेने बारीक सोनेरी रेघ कधी ओढली ते मलाही कळलं नाही.

सुषमा आली आणि बघतच राहिली.

"दिनूदादा, प्लास्टिकची लावलीस?"

"छे गो! खरी हायत. हात लावून बघ!"

तिने लावला. तळवा हिरवा, बोटं सोनेरी. तोच हात तिने कपाळावर मारून घेतला!

गलका ऐकून काकू ओटीवर आल्या. "अरे मेल्या, ह्ये काय केलंस? त्या पांढऱ्या पानांवर बोट फिरवून मी हिला दाखवणार व्हते. बघ गो, सगळी धूळ हितं अडकतेय, माझ्या छातीत उतरत नाय! माझा पुरावाच रंगवलास तू! अक्कल काय मूर्तीत भरून विकलीस?"

काकूंची गाडी थांबेचना. आजोबांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. मी मान खाली घालून उभा. संपलं सगळं. आता सुषमा आईची बॅग भरणार.

"आई," सुषमा हळूच म्हणाली, "एवढी ओरडलीस, पण एकदा तरी खोकलीस का गो?"

काकू थांबल्या. छातीवर हात ठेवला, एक लांब श्वास घेतला. "नाय गो! खरंच की!"

मला तर रडूच आलं. डोळे पुसले, तर गालही हिरवे झाले.

काकू राहिल्या. जास्वंद पार छाटावी लागली, पण नवी पालवी फुटली आणि आता ती पुन्हा छान पांढरी होते. प्लास्टरची पोती आता आडोशालाच उघडतो.

एवढंच झालंय, की गिऱ्हाईक दारात आलं की काकू ओटीवरून खणखणीत आवाजात सांगतात, "पाव्हनं, मूर्ती वाळलीय, बिनधास्त हात लावा. झाडाला मात्र दिनूला इचारून हां!"