लेन्स महागली आणि जावई रुसले

माझ्या मेहुणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या नाकाचे एकवीस फोटो आहेत. ते मी काढलेत. सगळे एकदम शार्प आलेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या लग्नात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं तेवढंच आहे.

कंधारला बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, साखरपुडा, लग्न, सगळं करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हा फोटोग्राफर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली, की एक तारखेपासून लेन्सच्या किमती वाढणार. ग्रुपवर सुतकच पडलं. किनवटच्या एकानं धंदा सोडून म्हशी घेतो म्हणून जाहीर केलं. (त्याच्याखाली दुसऱ्यानं म्हशींचे भाव टाकले. तेही वाढले होते.) लातूरचा एक जण म्हणाला, दोन लेन्स आत्ताच घेऊन ठेवतो, प्लॉटसारख्या. पुढं एक विकली की दुसरी फुकटात पडते.

मला हे फार पटलं. आता मला लेन्सची गरज होती का? अजिबात नव्हती. माझ्या जुन्या लेन्समध्ये नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप आणि मागचा कूलर एवढं सगळं आरामात मावायचं. पण महागणारी वस्तू महागायच्या आत घेतली नाही तर आपण बुडालो, असं सकाळपासून वाटायला लागलं. दुपारी मी नांदेडच्या बसमध्ये होतो.

दुकानदार म्हणाला, हा शेवटचाच नग. त्याच्या मागच्या कपाटात तसलीच तीन खोकी दिसत होती, पण मी तिकडं बघायचं टाळलं. फ्रीजसाठी ठेवलेले पैसे दिले. ते कमी पडले म्हणून जुनी लेन्सही त्यालाच देऊन टाकली, आणि हातभर लांबीची ती नवीन लेन्स छातीशी धरून घरी आलो.

बायकोनं, म्हणजे रेखानं, ही कशाला म्हणून विचारलं. मी समजावून सांगितलं, की हिच्यातून किल्ल्यावर बसलेलं कबूतर आपल्या गच्चीवरून दिसतं.

"फ्रीजमधी निदान पानी तरी गार झालं असतं," ती म्हणाली. "कबुतर बघून काय करावं?"

एक तारखेला किमती खरंच वाढल्या. महागाईनं मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. शेजाऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांना फोन करून सांगितलं. जेवण झाल्यावर मात्र लक्षात आलं, की आता ही फुटली तर पुन्हा घ्यायची ती नव्या भावानं. त्या क्षणापासून मी लेन्स वापरायचं सोडून सांभाळायला लागलो.

दहाच दिवसांनी उमरीला मेहुणीचं, वंदनाचं लग्न होतं. फोटो घरच्याच फोटोग्राफरनं काढायचे, हे ठरलेलं. वंदनानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. "दाजी, हार घालतानाचा फोटो तेवढा चांगला काढा. मोठा करून लातूरला सासरी न्यायचाय." मी म्हणालो, असा काढतो की लातूर बघत राहील.

उमरीला जाताना एसटीत मी लेन्स आमच्या पोरीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. खड्डा आला की वरून हळूच थोपटत होतो. कंडक्टरनं तिकडं नजर टाकली आणि बाळाचं वय विचारलं, पाचाच्या वर असलं तर हाफ तिकीट लागेल म्हणाला. मी काही बोलायच्या आत रेखा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पंधरा दिसाचं हाय."

हळदीच्या वेळी खरी पंचाईत झाली. हळद उडणार, लेन्समध्ये बसणार. म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या लिंबाखाली उभा राहिलो. तिथून नवरीच्या कानातले डूल मोजता येत होते. पण मांडवातल्या लोकांना काय दिसत होतं? तर थोरला जावई मांडवात पाय टाकायला तयार नाही, आणि रस्त्यापलीकडं तोंड झाकून उभा आहे.

मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, चहा पाठवला. हात चिकट होतात म्हणून मी नको म्हणालो. भजी पाठवली. हात तेलकट होतात म्हणून तीही परत केली. तिसऱ्या खेपेला मामा, म्हणजे माझे सासरे, स्वतः आले. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती.

"काय चुकलं का आमचं?"

मी म्हणालो, काही नाही मामा, ही लेन्सच लांबून चालते.

"मनात ठिवू नका, जावई. नव्या जावयाला अंगठी केली म्हनून का?"

मी पुन्हा लेन्सचं सांगितलं. किल्ल्यावरचं कबूतरसुद्धा सांगितलं. मामा मान हलवत सगळं ऐकून घेत होते, पण त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं, की रुसलेला माणूस कायबी कारण सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा रुसवा काढला. फेटा बांधला, शाल पांघरली आणि धरून नेऊन मला स्टेजवर नवरदेवाला अगदी चिकटून उभं केलं. मी चार पावलं मागं सरकलो, की चुलत सासरे दोन्ही खांदे धरून पुन्हा पुढं आणून ठेवायचे. म्हणायचे, लांब जायाचं न्हाई, समदा मान तुमचाच हाय.

एवढ्या जवळून त्या लेन्सला माणूस दिसत नाही. माणसाचा एखादा अवयव दिसतो. मी नवरीवर कॅमेरा धरला, नथ आली. ब्राह्मणावर धरला, दाढ आली. नवरदेवाचं नाक तेवढं चौकटीत अख्खं मावत होतं, म्हणून मी तेच काढत राहिलो. जुनी लेन्स असती तर काम झालं असतं, पण ती नांदेडच्या दुकानात होती. खालून रेखा खुणेनं विचारत होती, नीट येत आहेत ना. मी मान हलवली. फेट्याखालून घाम गळत होता.

मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली. वंदनानं हार उचलला आणि चारी बाजूंनी अक्षता आल्या. एक दाणा काचेला लागला तर ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे नवा भाव. मग मी काय केलं, ते माझं मलाच नंतर कळलं.

आठ दिवसांनी फोटो घेऊन उमरीला गेलो. मामांनी चष्मा लावून एकेक फोटो शांतपणे बघितला. "नाक चांगलं हाय पोराचं," एवढंच म्हणाले. मांडवपरतणीला आलेली वंदना आधी हसली, मग आत जाऊन रडली.

तिची इच्छा शेवटी शेजारच्या एका मावशींनी पुरी केली. बायकांच्या गर्दीतून हात उंच करून त्यांनी तडकलेल्या मोबाइलवर एक फोटो घेतला होता. हार घालतानाचा नेमका क्षण. वंदनाचे हात वर, नवरदेव लाजलेला, हवेत अक्षता, सगळी मंडळी हसतायत. आणि दोघांच्या बरोबर मध्ये, नवरा-नवरीकडं पाठ करून, पोटात काहीतरी लपवून, डोक्यावरून शाल ओढून गुडघ्यांत वाकलेला एक फेटेवाला.

तो फोटो मोठा होऊन लातूरला वंदनाच्या बैठकीत लागलाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, की मधल्या माणसाला एकदम काय झालं, फीट वगैरे आली का.

तिचे सासरे सरळमार्गी माणूस. कुणाची चेष्टा करणं त्यांच्या स्वभावात नाही. जे आहे ते सांगतात.

"न्हाई न्हाई," म्हणतात, "त्यो फोटोग्राफर हाय."